एमएस आहे तरी परत चालतेय.. नाशिकच्या न्यूरो फिजिओ सेंटरचा माझा 2 वर्षांचा अनुभव

मी सहसा कशाचे रिव्ह्यू वगैरे लिहीत नाही पण हा लिहायचाच असं बरेच दिवस मनात होतं. मला एमएस आहे म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, वय 42, बँकेत नोकरी, राहायला गंगापूर रोडच्या बाजूला. या सेंटरला मी जून 2023 पासून जातेय, आधी आठवड्यातून 3 दिवस, मग 2 आणि आता 15 दिवसांतून एकदा. पहिल्या दिवशी गेले तेव्हा एका बाजूने मिस्टरांनी आणि दुसऱ्या बाजूने रिक्षावाल्या दादांनी धरून आत नेलं होतं. आता मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींपर्यंत एकटी जाऊन येते, एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हातातली पिशवी मीच धरते.

थोडं आधीचं सांगते, कारण एमएसवाल्यांना ते ओळखीचं वाटेल. 2019 ला डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून 8 दिवस तसेच काढले. मग एमआरआय, मग पाठीतून पाणी काढून तपासणी, आणि निदान. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरच्या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा पोचतो किंवा अर्धवटच पोचतो. डोळा बरा झाला, 3 वर्षं बरी गेली आणि 2022 च्या पावसाळ्यात एमएसचा मोठा अटॅक आला, कमरेखाली बधिर, डावा पाय उचलेचना. 5 दिवस सलाईनमधून स्टिरॉइड घेतले, रोज 1 ग्रॅम. उजवा पाय बऱ्यापैकी आला पण डावा राहिला. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मी तशीच 4 पावलं पुढे गेलेली असायचे, कोणीतरी मागून हाक मारून सांगायचं ताई तुमची चप्पल राहिली. लोकांना ते विसराळूपणा वाटायचं, मला मात्र दर वेळी पोटात गोळा यायचा.

इथे यायच्या आधी मी दुसरीकडे 5 महिने फिजिओ केलं, नाव लिहीत नाही. तिथले लोक वाईट नव्हते पण माझं शेड्यूल आणि शेजारच्या गुडघेदुखीच्या काकांचं शेड्यूल सारखंच होतं. गरम शेक, 20 मिनिटं करंटची मशीन, मग पाय उचला 30 वेळा, अजून 10, होतंय होतंय, हिंमत धरा. मी हिंमत धरायचे, घरी येऊन आडवी पडायचे आणि संध्याकाळी बाथरूमपर्यंतसुद्धा जाता यायचं नाही. एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं वाढतात, विल्हेम उहथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1890 मध्येच लिहून ठेवलंय की पेशंटने व्यायाम केला की त्याची नजर तेवढ्यापुरती कमी होते. एवढं जुनं ज्ञान, आणि मला पायाला गरम शेक देत होते. त्याने कायमचं नुकसान होत नाही, अंग थंड झालं की परत पहिल्यासारखं होतं, पण हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही म्हणून मी रोज संध्याकाळी समजायचे की आजार वाढलाय. ते 5 महिने मी किती रडले ते माझं मला माहीत.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया म्हणून संस्था आहे, 1985 पासून काम करते, पुण्यातही चॅप्टर आहे. तिथल्या ओळखीतून एका ताईंशी फोनवर बोलणं झालं आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुझी फिजिओ न्यूरोची, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांची आहे का हाडांची? मला असा काही फरक असतो हेच माहीत नव्हतं. मग शोधत शोधत इथे आले.

पहिला दिवस मला जसाच्या तसा आठवतो. इथल्या फिजिओ मॅडम वयाने माझ्यापेक्षा 10-12 वर्षांनी लहान असतील, मला ताई म्हणतात. फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ताई बूट काढून द्या जरा. मला वाटलं पाय बघायचेत. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, दुसरा पण उलटा केला आणि दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. उजव्याचा तळ बऱ्यापैकी सारखा होता. डाव्याची पुढची कड, अंगठ्याकडची, इतकी घासलेली की आतला पांढरा फोम दिसत होता, आणि टाच अगदी नव्यासारखी कोरी. म्हणाल्या, बघा, हा पाय टाचेवर कधी टेकतच नाहीये, चवडाच आधी लागतोय आणि घासत येतोय. मिस्टर आणि मी दोघंही त्या बुटांकडे बघत बसलो. 8 महिने तो बूट रोज घालत होते, तळ काही कधी बघितला नव्हता.

मग मोजमाप. जमिनीवर 25 फुटांची पट्टी आखलीय, तेवढं अंतर जमेल तेवढ्या भरभर चालायचं आणि त्या घड्याळ लावतात. मला काठीसकट 15 सेकंद लागले. मग 6 मिनिटांत किती चालता येतं ते, मी 130 मीटर चालले आणि त्यात 2 वेळा थांबले. तोल बघायची एक टेस्ट असते बर्ग म्हणून, 56 पैकी मार्क, मला 33. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर लगेच कलले, त्यांचा हात आधीच माझ्या कमरेपाशी होता. सगळं एका कागदावर लिहून एक कॉपी मला दिली. कोणीतरी पहिल्यांदाच माझं चालणं नीट बघितलं होतं. आधी सगळे पाय बघायचे, पायाची ताकद बघायचे, चालताना कंबर कुठे जाते, खुबा कसा वर उचलला जातो, पाय बाहेरून अर्धगोल फिरवून का आणावा लागतो हे कोणी बघितलंच नव्हतं.

आणि त्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं की फिजिओने एमएस बरा होत नाही, गेलेलं आवरण व्यायामाने परत येत नाही, न्यूरोलॉजिस्टची औषधं चालूच ठेवायची. पण आहे त्या नसांकडून जास्त काम करून घेता येतं, जे स्नायू नुसते बसून कमजोर झालेत ते परत आणता येतात आणि कडकपणा आटोक्यात ठेवता येतो. पहिल्यांदाच खोटी आशा पण नाही आणि आता असंच राहणार असंही नाही, त्याच्या मधलं काहीतरी ऐकायला मिळालं.

इथला सगळ्यात मोठा फरक सांगायचा तर इथे थांबवतात. सुरुवातीला मला ते कळायचंच नाही. पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतात तिथे, चालायला लागले, 4 मिनिटं झाली, मला वाटतंय अजून जमेल, आणि मॅडम म्हणायच्या बस, बसा. मी म्हणायचे अहो पण मला दम नाही लागलाय, तर म्हणायच्या दम नको बघू ताई, तुमचा चवडा बघा, शेवटच्या 3 पावलांत परत घासला. चवडा घासायला लागला की सेट संपला, मग 2 मिनिटं पंख्याखाली बसायचं, मानेवर ओला नॅपकिन, थंड पाण्याचे घोट, आणि परत. असे 5 सेट. एकूण चालणं आधीच्या ठिकाणापेक्षा जास्त व्हायचं आणि तरी घरी जाऊन मी कुकर लावू शकायचे. थकल्यावर चुकीचं चालत राहिलं तर मेंदू तेच चुकीचं चालणं शिकतो, हे त्यांचं म्हणणं मला आता स्वतःच्या पायावरून पटलंय.

जमिनीवर रंगीत टेपने पावलांच्या खुणा केल्यात, त्यावर टाच ठेवून हळू पाऊल टाकायचं, डोळ्यांनी बघत, मोठ्याने आकडे म्हणत. फ्रेंकेलचे व्यायाम म्हणतात त्याला. पायाला स्वतःला कळत नसेल आपण कुठे आहोत तर डोळ्यांनी सांगायचं. पहिले 2 महिने मला हे लहान मुलांचं वाटायचं, तिसऱ्या महिन्यात एकदा मावशी फरशी पुसत होत्या म्हणून समोर बघत बोलत चालले आणि लक्षात आलं की खाली न बघता पाय बरोबर पडला. तिथेच थांबले, मॅडमना हाक मारली.

मशीन इथेही आहे पण ती कॉटवर पडून लावायची नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पॅड लावतात आणि चालताना बरोबर पाऊल उचलायच्या वेळी हलका करंट देतात, की चवडा वर येतो. तोच करंट, पण वेळ साधली की पायाला त्याचा अर्थ कळतो असं मला वाटतं. बाहेर चालण्यासाठी स्प्लिंट पण करून घ्यायला लावला, पोटरीच्या मागून तळपायापर्यंत येतो आणि चवडा लोंबू देत नाही. मला आधी नको होता, वाटायचं एकदा लावला की कायमचा लागला. मॅडम म्हणाल्या पडून खुबा मोडण्यापेक्षा स्प्लिंट बरा, आणि घरात सराव बिन-स्प्लिंटचाच करायचा. स्प्लिंट इथे विकत नाहीत, मापाने करून देणाऱ्याकडे पाठवलं, पण आल्यावर पहिल्या दिवशी 20 मिनिटं घालायला लावून मग काढून घोट्याचं हाड तपासलं, एका जागी लाल झालं होतं तर परत पाठवून तेवढं घासून घ्यायला लावलं. बधिर पायाला चावलेलं कळत नाही, त्यामुळे रोज रात्री पाय बघायचा हे त्यांनी मिस्टरांनाही शिकवलंय.

कडकपणाचं एक सांगायलाच पाहिजे. माझा चवडा टेकला की कधीकधी पाय शिवणयंत्राच्या पायडलसारखा थडथडायचा. त्यासाठी बॅक्लोफेनची गोळी होती आणि मी परस्पर, म्हणजे डॉक्टरांना न विचारता, अर्धी गोळी वाढवली होती. थडथड कमी झाली पण पाय असे सैल पडले की खुर्चीतून उठवेना. मॅडमनी उठताना बघूनच विचारलं, गोळी वाढवली का? तेव्हा समजलं की त्या कडकपणावरच मी थोडीफार उभी राहत होते. लगेच न्यूरोलॉजिस्टना द्यायला एक चिठ्ठी लिहून दिली, कुठल्या वेळी पाय कसा असतो ते सगळं त्यात होतं, आणि डॉक्टरांनी डोसची वेळच बदलून दिली. फिजिओ आणि डॉक्टर एकमेकांशी बोलतात हे मी पहिल्यांदा बघितलं.

आणि मार्च 2024 ची ती सकाळ. उठले तर डावा पाय पूर्ण गेलेला, उजवा पण जड. 9 महिन्यांचं सगळं गेलं असं वाटलं, सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, मिस्टर स्टिरॉइडसाठी ॲडमिट करायच्या तयारीत. मी मॅडमना फोन केला फक्त सांगायला की आज येत नाही. त्यांनी विचारलं ताप आहे का, लघवीला जळजळ आहे का. जळजळ नव्हती पण 99.8 ताप निघाला. म्हणाल्या घाबरू नका पण आजच डॉक्टरांशी बोला आणि लघवी तपासून घ्या. इन्फेक्शन निघालं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि 6 दिवसांत पाय परत आला. इन्फेक्शनने किंवा तापाने जुनीच लक्षणं उसळू शकतात, दर वेळी तो नवीन अटॅक असतोच असं नाही, हे त्या दिवशी कळलं. अर्थात हे ठरवायचं डॉक्टरांनीच, कोणी वाचून घरी ठरवू नका.

अजून एक गोष्ट जी मला कुठेच कोणी शिकवली नव्हती, पडल्यावर उठायचं कसं. 2022 ला मी घरी एकटी असताना किचनमध्ये पडले होते आणि 2 तास फरशीवर बसून होते, मोबाईल हॉलमध्ये वाजत होता. इथे मॅटवर बसवून पायऱ्या पायऱ्यांनी शिकवलं, आधी कुशीवर, मग हातांवर भार, मग गुडघ्यांवर, जवळ खुर्ची ओढून दोन्ही कोपरं त्यावर, चांगला पाय पुढे, आणि मग उठायचं. 11 सेशन लागली मला. ज्या दिवशी एकटीने उठले त्या दिवशी घरी जाऊन मिस्टरांना मुद्दाम समोर बसवलं, फरशीवर बसले आणि उठून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ते ऑफिसला निर्धास्त जायला लागले, दर तासाला येणारा फोन बंद झाला.

घरचा व्यायाम फक्त 3 प्रकार आणि एकूण 12-15 मिनिटं, जास्त देतच नाहीत. ओढणी चवड्याभोवती घालून पोटरी ताणायची, 30 सेकंद धरून. ओट्याला धरून बाजूला पावलं टाकायची. आणि हात न लावता खुर्चीतून उठ-बस. दर महिन्याला त्यातला एक बदलतात. थंडीत मात्र वेळ वाढवून देतात कारण डिसेंबर-जानेवारीत इकडे नाशिक-निफाडला जी थंडी पडते तिच्यात सकाळी माझे पाय लाकडासारखे होतात, तेव्हा सकाळी नाही तर ऊन वर आल्यावर करायचं. आणि एप्रिल-मेमध्ये बरोबर उलटं, सकाळी 7 च्या आत. सगळ्यांना एकच टाईमटेबल हा प्रकारच नाही.

आता आकडे, कारण मी पण दुसऱ्यांचे अनुभव वाचताना तेच शोधायचे. 8 महिन्यांनी परत मोजलं तेव्हा 25 फुटांना साडेआठ सेकंद, 6 मिनिटांत 285 मीटर न थांबता, बर्ग 47. त्यानंतर आकडे फार वाढलेले नाहीत, गेलं दीड वर्ष साधारण तिथेच आहेत. याचं आधी वाईट वाटायचं, आता नाही वाटत, या आजारात तिथेच राहणं ही सुद्धा कमावलेली गोष्ट आहे. 8 महिन्यांनी मोजलं त्याच दिवशी मॅडमनी परत बूट मागितले, नवीन घेऊन 5 महिने झाले होते. डाव्या टाचेला बाहेरच्या बाजूने झीज लागली होती. आम्ही दोघी केवढ्या खूश झालो त्या झिजलेल्या टाचेवर!

मागच्या चैत्रात सासूबाईंचा नवस फेडायला वणीला सप्तशृंगी गडावरही जाऊन आले. ट्रॉलीने वर गेलो, फोल्डिंगचा स्टूल बरोबर होता, रांगेत बसत बसत, ओला नॅपकिन मानेवर ठेवून. त्याच्या आधी 2 आठवडे इथे मला गर्दीत धक्का लागला तर तोल कसा सावरायचा याची प्रॅक्टिस दिली होती, मॅडम आणि त्यांची असिस्टंट दोन्ही बाजूंनी मुद्दाम हलकेच ढकलायच्या. मी जाणार म्हटल्यावर त्यांनी नको म्हटलं नाही, तयारी करून घेतली.

काही गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते. बाहेरचा रॅम्प जरा जास्तच चढा आहे, व्हीलचेअरवाल्यांना मागून ढकलायला दोन माणसं लागतात. पार्किंग नाही, रिक्षानेच या. संध्याकाळी 6 नंतर गर्दी असते आणि 20-25 मिनिटं थांबावं लागतं, आमच्यासारख्यांची तेवढ्यातच अर्धी शक्ती संपते. टॉयलेटमध्ये धरायला दांडा नव्हता, एमएसमध्ये लघवीची घाई हा मोठाच प्रश्न असतो म्हणून मी सांगितलं, लावायला 2 महिने लागले पण लावला. आणि खर्च. एका सेशनचे 600, घरी येऊन 900. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचं फिजिओ बसत नाही, सगळं खिशातून. पण त्यांनी स्वतःहून सेशन कमी केली, 3 वरून 2, मग 1, उगाच ओढत बसले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये एमएस आहे हे पण मला इथेच कळलं, सर्टिफिकेटसाठी अर्ज केला तेव्हा इथला मोजमापाचा रिपोर्ट फाईलला जोडता आला.

एक स्टार रॅम्पसाठी कापणार होते पण मनाला पटेना, 5 पैकी 5.

नवीन जाणाऱ्यांसाठी, पहिल्या भेटीला दीड तास लागतो, त्यामुळे सकाळची वेळ मागा, उन्हाळ्यात तर 8 चीच. सगळे एमआरआय रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या, बरोबर घरचं एक माणूस असू द्या. आणि नवे बूट घालून जाऊ नका, रोजचे झिजलेलेच घालून जा.